समासातली पेन्सिल

…पेन्सिलचा तो तुकडा अजून दोऱ्याला बांधलेलाच, आणि दोरा जुन्या टेलिफोन डिरेक्टरीच्या पाठीला. बाबांची व्यवस्था. पेन्सिल कुणी पळवू नये म्हणून. कुणी म्हणजे अर्थात मी. तिने पान उलटलं. दुरुस्तीला आलेली शिलाई मशिनं भिंतीशी ओळीने उभी, आतल्या खोलीत बाबा (अर्धांगाच्या झटक्यानंतर महिनाभर एक शब्द नाही), आणि आज सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगायचं होतं, की आपापलं मशीन घेऊन जा.

बदललेले नंबर खोडून वर नवे लिहिलेले, आणि समासात बारीक अक्षर. मशीनचं दुखणं लिहिलं असेल असं तिला वाटलं होतं, पण तिथे होतं— ‘बरां आसा मां?’… ‘काय राजेहो!’… ‘बरं शे ना?’ ज्याच्या गावाकडे जशी विचारपूस, तशी. घरात ज्यांच्या तोंडून शब्द काढायला पकड लागायची, ते बाबा जगाशी असे ज्याच्या-त्याच्या बोलीत! तिला रागच आला. मला कधी साधं ‘कशी आहेस’ नाही. स्वतःच फोन लावायचे आणि गप्प. ‘बाबा, बोला ना!’ म्हणून मीच ओरडायची.

पहिल्या फोनवर एका म्हाताऱ्या शिंप्याला तिने ‘नमस्कार’ म्हटलं, तर तो सावध झाला. मग समासातलं वाचलं, अडखळत. पलीकडे हसू फुटलं.

“त्यांची पोर का तू? बोलतात का आता?”

“आधी तरी घरात कुठे बोलायचे,” ती म्हणून गेली आणि तिने जीभ चावली.

“मशीन राहू दे तिथेच. त्यांच्याच हातचं हवं मला.”

फोन ठेवल्यावर तिने उगाच (उगाच कसलं!) स्वतःच्या सासरच्या आडनावाचं पान काढलं. समास कोरा असला तर?… हात थोडा थांबलाच. मग दिसलं— ‘आधी तिला बोलू द्यायचं. आवाजावरून कळतं.’

लग्नानंतरचं पहिलं वर्ष… ‘मजेत आहे,’ एवढंच फोनवर म्हणाले होते मी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा दारात, हातात तेलाची कुपी. ‘तुझं मशीन बघून जातो.’ मशीन धडधाकट होतं. तरी चार दिवस राहिले, रोज त्याला तेल घालत, आणि त्या चार दिवसांत सासरी कुणी आवाज चढवला नाही. मी इतकी वर्षं त्याला योगायोग समजत आले.

आतून खाट करकरली. ती दारात जाऊन उभी राहिली. बाबांनी मान वळवली, तिच्याकडे बघितलं, आणि गप्प— नेहमीसारखेच, वाट बघत. सवयीने ओठांवर आलेलं ‘बोला ना’ तिने गिळलं. मजेत आहे, म्हणावं?… पण त्यांना कळणारच. पहिल्यांदाच तिला स्वतःच्या आवाजाची भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग कसलंसं हलकंही.

“बाबा, मी…”

आवाज फुटला. ती सावरायला गेली नाही.