पत्र्याआडची खिडकी

मित्रांनो, मी तुरुंगाची एक जुनी खिडकी आहे. निजामाच्या अमलात मला बांधलं, तेव्हा मी छताजवळची वीतभर फट होते. दिवस उजाडला की मावळला, एवढंच कैद्यांना माझ्यातून कळे.

राज्य बदललं. ‘कैदीही माणूस आहे, त्याला हवा-उजेड द्या,’ असा हुकूम आला. जेलर अण्णाराव भले गृहस्थ होते. बेंबळीचा गुंडप्पा मारामारीपायी दोन वर्षांची सजा भोगत होता. तो जातिवंत गवंडी, म्हणून मला मोठं करायचं काम त्यांनी त्यालाच दिलं. त्याने दगड फोडून मला छातीपर्यंत खाली आणलं, गज बसवले. कोठडीतून पहिल्यांदाच रस्ता दिसू लागला.

भेट महिन्यातून एकदाच मिळे. पण दर आठवड्याच्या बाजारी गुंडप्पाची बायको सिद्धम्मा तान्ह्या लेकीला घेऊन समोरच्या लिंबाखाली थांबायची. लेक रांगायला लागली, पाऊल टाकायला लागली, ते गुंडप्पाने माझ्यातूनच पाहिलं.

वर्षभराने मोठे साहेब तपासणीला आले. “कैद्याला रस्ता दिसतो? मग सजा कसली?” म्हणाले. बाहेरून लोखंडी पत्रा ठोकायचं ठरलं. काम पुन्हा गुंडप्पाकडेच आलं.

“साहेब, खिडकी म्या केली. बुजवायला दुसरा गडी बघा.”

“अरे, नाही म्हणालास तर सजेतली दोन महिन्यांची सूट जाईल,” अण्णाराव कळवळून म्हणाले.

“जाऊ द्या. ह्या हातानं न्हाय व्हायचं.”

सूट गेली. पत्रा लोहाराने ठोकला. तुरुंगाच्या अहवालात मात्र ‘खिडकी मोठी केली’ असंच राहिलं, आणि ते खोटंही नव्हतं. पत्रा काढावा म्हणून अण्णारावांनी वर तीनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. माझे गज गंजत गेले.

गुंडप्पा सुटला. पुढच्याच बाजारी तो माझ्यासमोर रस्त्यात उभा राहून ओरडला, “लिंबाजी! तुजी माय आलीया रं! नवं लुगडं नेसलीया. लई हसतीया बघ!”

लिंबाजी त्याचा कोठडीतला सोबती. तो आत गजांना कपाळ लावून ऐकत होता.

पहारेकऱ्याने अण्णारावांकडे पाहिलं.

“मला काही ऐकू आलं नाही,” अण्णाराव म्हणाले.

लिंबाजी सुटेपर्यंत गुंडप्पाने एकही बाजार चुकवला नाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. खिडकी मोठी केली असं कुणी सांगितलं, तर ती बाहेरून मोजू नका. आत जाऊन उभे राहा.