अभ्यासिकेची चावी

आपल्याकडे एखादं काम अंगावर घ्यायचं नसलं, की ते करणाऱ्याचा सत्कार करतात. मयुरीला हे ठाऊक होतं, तरी ती फसली.

कोरोनात पुण्याची नोकरी लॅपटॉपसकट घेऊन ती अल्लीपूरला घरी आली होती. दिवसभर मान मोडून काम केल्यावर संध्याकाळी विहारामागच्या खोलीत ती अभ्यासिका उघडायची. पुस्तकं मागून आणली, पोरांची भांडणं मिटवली, आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या गुंजनच्या तक्रारी ऐकल्या. त्या पोरीला कधी उजेड कमी पडे, कधी पंखा आवाज करी.

आता कंपनीने परत बोलावलं. पस्तिशी उलटलेली, बाबांचं औषधपाणी सुरू. नाही म्हणायची सोय नव्हती. तिने गावच्या ग्रुपवर विचारलं, "मी चालली. अभ्यासिकेची चावी कोण घेते?"

उत्तरादाखल जोडलेले हात आले, निळी हृदयं आली. युवक मंडळाचा अध्यक्ष प्रफुल्ल तिचाच वर्गमित्र. त्याने रविवारी सत्कार ठेवला.

विहार गच्च भरलं. अभ्यासिकेच्या बैठकीला यातली चार डोकी आली असती तरी मयुरी इतकी दमली नसती. वंदना झाली, भाषणं झाली, शाल पांघरली. तिने माईकवरून पुन्हा विचारलं, "चावी कोणाले देऊ?"

"मयुरी, तुही जागा कोणीच घेऊ शकत नाई!" प्रफुल्ल गहिवरून म्हणाला. टाळ्या कडाडल्या. मग चहा आला.

रागवायलाही अंगात जीव लागतो. तो तिच्यात उरला नव्हता.

एसटीत बसल्यावर पर्समध्ये हाताला चावी लागली. कोणी मागेल तेव्हा कुरिअरने पाठवू, असं म्हणून ती पुण्याला गेली. कोणी मागितली नाही. ऑफिसातून खोलीवर आली की ती आधी फोन बघे. सगळी वर्षं पाण्यात गेली असं वाटून तिला रडू येई.

आणि एका संध्याकाळी गुंजनचा फोन आला.

"ताई, रागावू नोका. आमी कुलूप तोडलं."

"काय?"

"मंग किती वाट पाहाव? प्रफुल्लभाऊ म्हणते, मीटिंग घेऊ. आमी पोरापोरींनी मिळून नवं कुलूप आणलं. चावी मीच ठेवली. चालते ना?"

गुंजनला विचारावं, हे मयुरीच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिने डोळे पुसले. "चालते," ती कशीबशी म्हणाली.

"अन् ताई, तो पंखा अजून आवाज करून राह्यला."

मयुरी रडता रडता हसली. "मले काऊन सांगून राह्यली? चावी तुह्याजवळ आहे ना?"