बल्गेरियाचा टाक

सकाळपासून यांचं बूड एका जागी टिकत नव्हतं. खिडकीशी जायचं, केंब्रिजच्या ओल्या रस्त्याकडे बघायचं, परत यायचं. आमचा मुलगा जयदीप लक्ष्मीपूजनाला ब्रॉसार्डहून पाच-सहा तास गाडी चालवत येत होता. दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला होता, "बाबा, तुम्ही जमवलेली ती जुनी नाणी विका आणि कॉन्डोत राहायला जा." झालं, बापलेकांचं बोलणं बंद. दोघेही हट्टाला पेटलेले आणि मधल्या मधे माझं भरीत.

"त्याने विंटर टायर्स लावले असतील ना गं?" यांनी पुन्हा विचारलं.

"असतील हो. बसा बघू एका जागी!"

मी तरी कुठे शांत होते? हातांना चाळा हवा म्हणून देव घासायला घेतले. ताम्हनात एक काळवंडलेला, पातळ टाक दिसला. दोन उभ्या आकृत्या, मधे दांडा. पुण्याच्या जाऊबाईंनी पाठवलेला रामलक्ष्मणाचा टाक असणार, असं मला वाटलं. टूथपेस्ट लावून असा लखलखीत केला की माझं मलाच कौतुक वाटलं.

हे आत आले तशी मी म्हणाले, "बघा, जाऊबाईंचा टाक कसा चमकतोय!"

"अगं, टाक कसला! बल्गेरियाचा राजा इव्हान अलेक्झांडर, त्याचं नाणं आहे ते. चौदाव्या शतकातलं. तो आणि त्याचा मुलगा मिखाईल, दोघांनी एकच निशाण धरलंय. पूजेत ठेवून जयदीपला देणार होतो." त्यांनी ताम्हनातलं नाणं उलटं करून पाहिलं. "शेकडो वर्षांचा तो काळा रंग हीच त्याची अब्रू होती."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" मी खेकसले आणि मलाच रडू कोसळलं. एवढा हेकट माणूस, तोंडाने न बोलता मुलाची समजूत काढणार होता. मी नेमकं तेच घासून टाकलं.

तेवढ्यात बेल वाजली. जयदीप बूट काढून थेट देवघराशी आला. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून नाण्यांची चित्रं बघितलेला मुलगा तो, नाणं उचलताच त्याने ओळखलं. मग वास घेतला.

"टूथपेस्ट? आई, सिरियसली? मिंट कंडिशन केलंस की, टाकसाळीतून आत्ताच निघाल्यासारखं!"

हे पुन्हा खिडकीशी जाऊन, बाहेर बघत म्हणाले, "वाया गेलं ते. आता कोणी विकत घेणार नाही."

"गुड," म्हणत जयदीपने मूठ मिटली. "म्हणजे आता हे विकायलाच नको, बाबा."