वॉटफर्डला ठेवलेलं प्रस्थान

इफेओमा गेली नसती तर अलकाताईंचा केवढा फायदा होता, ते आधी मांडून घेऊ. नंतर सगळ्यांचे डोळे भरून येतात आणि हिशोब राहून जातो.

पुरुषोत्तम डॉक्टरांना स्ट्रोक झाल्यापासून त्यांचा उजवा हात अर्धा गेला होता आणि बोलणं पाऊण. उरलेल्या पाव बोलण्यात ते बायकोला, म्हणजे अलकाताईंना, नाही म्हणायचे. गोळ्या नाही, आंघोळ नाही, फिरायला तर नाहीच. पण वरच्या खोलीतली भाडेकरू इफेओमा खाली येऊन नुसतं "अंकल!" म्हणाली की हा माणूस मुकाट्याने मान मागे टाकून डोळ्यांत थेंब घालून घ्यायचा. नायजेरियातल्या एनुगूला ती नर्स होती. इथे नॉटिंगहॅममध्ये एका केअर होममध्ये केअरर. दिवसभर म्हाताऱ्यांचं करून घरी येऊन पुन्हा एका म्हाताऱ्याचं करायची, आणि तेही कुणी न सांगता. शिवाय कचऱ्याच्या बिन्स बाहेर काढायची, बागेतलं गवत कापायची.

सगळ्यांत मोठी बाब होती पुष्करची. साउथहॅम्प्टनला डॉक्टर असलेला हा मुलगा दर रविवारी फोनवर एकच सांगायचा. "आई, ती मुलगी आहे तोवर माझी हरकत नाही. ती गेली की घर विकायचं आणि तुम्ही दोघांनी इकडे यायचं. आमच्या जवळच एक छान फ्लॅट आहे, म्हाताऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या वॉर्डनसकट."

म्हणजे इफेओमा राहिली तर घर राहणार होतं. तुळस राहणार होती, सत्तेचाळीस वर्षांचा शेजार राहणार होता, आणि वॉर्डन टळणार होता.

पण इफेओमाला राहायचं नव्हतं. ती इथे आली त्याच्या थोडंच आधी सरकारने केअररना मुलं आणायला बंदी केली होती. तिची नऊ वर्षांची अडाओरा एनुगूला आजीकडे होती आणि व्हिडिओ कॉलवर हळूहळू परक्यासारखी बोलायला लागली होती. तेवढ्यात ऑस्ट्रेलियात, पर्थच्या एका हॉस्पिटलने इफेओमाला नर्सची नोकरी दिली. व्हिसा दोघींचा मिळाला. अट एकच: सोमवारी सकाळी हजर व्हायचं. नाही झाली तर नोकरी दुसरीला, आणि नोकरी गेली की मायलेकींचा व्हिसाही गेला. विमान गुरुवारी रात्री हीथ्रोहून होतं.

हे तिने आईखेरीज जगात फक्त दोघांना सांगितलं होतं, आंटीला आणि अंकलला. सख्ख्या बहिणीलाही नाही. "आमच्याकडे पोचल्याशिवाय कुणाला सांगत नाहीत, आंटी. कुणाच्या तरी तोंडून निघतं, कुणाचं तरी पोट दुखतं, आणि व्हिसा रिजेक्ट होतो. माझा दोनदा झालाय."

"दृष्ट लागते," अलकाताई म्हणाल्या. "कळलं. मी कुणाला बोलायची नाही."

आणि लगेच त्यांनी फोनवरचं पंचांग उघडलं. गुरुवार, आषाढी अमावास्या.

"अगं, अमावास्येला घरातून पाऊल बाहेर टाकतात का!"

दुसरी कुणी हसली असती. इफेओमाने लगेच तिकीट उघडून तारीख तपासली. तिच्या पर्समध्ये पास्टरने दिलेलं तेल होतं, उशाखाली जपमाळ होती, आईने तिकडे चर्चमध्ये प्रार्थना लावली होती. एवढ्या बंदोबस्तात अमावास्येचं कलम राहून गेलं होतं. "तिकीट बदलता येत नाही, आंटी. मग काय करायचं?"

"प्रस्थान ठेवायचं," अलकाताई म्हणाल्या.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू वाटेवरच्या कुणाच्या तरी घरी ठेवायची. मग प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं धरतात. निघताना ती वस्तू तिथून उचलायची. मागे आपल्या घरात मात्र आणायची नाही. "मी पुण्याहून निघाले तेव्हा माझ्या आईने दादरच्या आत्याकडे प्रस्थान ठेवलं होतं. तांदूळ, सुपारी आणि माझा पासपोर्ट. ज्याच्याशिवाय जाताच येत नाही ती वस्तू हवी, म्हणजे जाणं पक्कं."

"पा-स-पोर्ट?" कोपऱ्यातून डॉक्टर म्हणाले. तेवढ्या शब्दाला त्यांना बराच वेळ लागला.

"अहो, तुम्ही गप्प बसा. आले की नाही मी सुखरूप?"

इफेओमाने पासपोर्ट छातीशी धरला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी तिने तो कापडी पिशवीत घातला. आंटीने तांदूळ आणि सुपारी टाकली, तिने पास्टरच्या तेलाचे चार थेंब. वर चिकटपट्टी. रविवारी वॉटफर्डहून अलकाताईंची मैत्रीण शशी मराठी मंडळाच्या भजनाला आली होती. जाताना तिच्या हातात पिशवी दिली. हीथ्रोच्या वाटेवर याहून सोयीचं घर नव्हतं.

"काय आहे यात?" शशीने विचारलं.

"विचारू नकोस. उघडू नकोस. गुरुवारी दुपारी एक मुलगी येऊन नेईल."

"बॉम्ब नाही ना, अलकाताई?" म्हणून हसत शशी ती घेऊन गेली.

गुरुवार उजाडला. दिव्याची अवस म्हणून अलकाताई सिंकपाशी समया घासत होत्या. इफेओमा युनिफॉर्म आणि बॅज परत करायला केअर होममध्ये गेली होती. फोन वाजला.

"अलकाताई, मी शशी. अहो, माझ्या वरदाला पेन्स सुरू झाले! तीन आठवडे आधीच! मी आत्ता तिच्याकडे निघतेय, गाडीतच बसलेय. ती मघापासून रडतेय, आई कधी येतेस म्हणून. तुमच्या पिशवीचं काय करू? शेजारी देऊन ठेवू, की घाई नाहीये?"

समई हातात होती. नळ चालू होता. अलकाताईंना खरं सांगायचं तर इफेओमाचं गुपित फोडावं लागणार होतं. शब्द दिला होता. शब्द पाळणं किती सोपं असतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. तोंड न उघडताही काम होत होतं.

"असू दे घरातच," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

फोन ठेवून त्यांनी नळ बंद केला आणि त्या मागे वळल्या. डॉक्टर दारात उभे होते, वॉकरला धरून. आपल्या पायांनी ते स्वयंपाकघरापर्यंत कित्येक महिन्यांत आले नव्हते.

"फोन," ते म्हणाले.

"झाला फोन. शशीचा होता."

"लाव."

"अहो, गाडी चालवतेय ती."

"लाव!"

अलकाताईंनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शशी गाडी चालवताना फोन उचलत नसे. सगळ्या मंडळात याबद्दल तिचं कौतुक होतं, आणि त्यात अलकाताई पुढे असत. मेसेज टाकला, दुसरा टाकला. हाताला चिंचेचा वास, स्क्रीनवर ओले डाग. डॉक्टर खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होते, आणि अलकाताई फोनकडे, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागू नये.

इफेओमा आली ती गाणं गुणगुणतच. बाथरूमच्या वजनकाट्यावर बॅग उभी केली, उतरवली, बूट काढून हॅन्डबॅगेत कोंबले, पुन्हा उभी केली. "आंटी, टॅक्सी जरा लवकर बोलावू का? एम वनवर ट्रॅफिक लागलं तर? तुमची फ्रेंड घरीच असेल ना?"

अलकाताईंनी समया पुन्हा घासायला घेतल्या. आधीच लखलखत होत्या.

फोन वाजला. "अलकाताई, चौदा मिस्ड कॉल्स! मी हायवेवरच्या सर्व्हिसेसला चहाला थांबलेय. डॉक्टर बरे आहेत ना?"

आता इफेओमा समोरच उभी होती. अलकाताई मराठीत बोलत होत्या, पण 'पासपोर्ट' कुठल्याही भाषेत पासपोर्टच असतो. इफेओमा हळूच बॅगेवर बसली.

"पासपोर्ट?" शशी पलीकडून किंचाळली. "अहो, मग मघाशी घाई नाही कसं म्हणालात?"

अलकाताईंनी हातातली समई खाली ठेवली.

"थांबा. मी फिरते मागे. किल्ली माझ्याकडेच आहे. शेजारी कसला देतेय, पासपोर्ट मी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. तिला आत्ताच्या आत्ता निघायला सांगा. मी दारातच उभी राहते." मग जरा थांबून, "वरदाला सांगते, थोडी कळ काढ म्हणून."

टॅक्सी येईपर्यंतचा वेळ या घरातला सगळ्यांत लांब वेळ होता. इफेओमाने एकदाच विचारलं, "तिने सकाळी पण फोन केला होता, आंटी?"

"हो."

"तुम्ही काय सांगितलंत?"

खोटं बोलायला जागा होती. गुपित सांभाळत होते, असं म्हणता आलं असतं, आणि ते निम्मं खरंही होतं. पण खुर्चीतून डॉक्टर बघत होते.

"घाई नाही म्हणाले."

इफेओमाने मान हलवली, एखादा आकडा टिपून घ्यावा तशी. मग ती डॉक्टरांपाशी गेली. "अंकल!" डॉक्टरांनी मान मागे टाकली. तिने थेंब घातले, गालावर ओघळलेलं बोटाने टिपलं. त्यात थेंब किती आणि इतर काय, हे तिने पाहिलं नाही. घराची किल्ली तिने आंटीच्या हातात दिली नाही. चपलांच्या कपाटावर ठेवली आणि बॅग ओढत बाहेर गेली.

एम वनवर ट्रॅफिक लागलंच. वॉटफर्डला शशी खरोखर दारात उभी होती, पिशवी छातीशी धरून, डोक्यावर ऊन घेत. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या. इफेओमाने चिकटपट्टी दातांनी फाडली, पासपोर्ट उघडून स्वतःचा फोटो पाहिला, आणि मगच शशीला मिठी मारली. तांदूळ पायरीवर सांडले. टॅक्सी वळली तेव्हा शशीचा फोन वाजला. जावई होता. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. "आई, ती शेवटपर्यंत दाराकडे बघत होती," तो म्हणाला.

तर हा झाला व्यवहार. इफेओमाला पर्थ मिळालं आणि नाताळच्या आत अडाओरा मिळाली. पुष्करला घरावर 'विकणे आहे'ची पाटी लावायला मिळाली. पुरुषोत्तम डॉक्टरांना वॉर्डन मिळाला. त्याच्या हातून ते थेंब घालून घेत नाहीत. अलकाताईंना आपण 'घाई नाही' का म्हणालो याचं उत्तर मिळालं, आणि ते विचारणारं आता कुणी नाही. शशीसुद्धा विचारत नाही, ती फोनच करत नाही. आणि सगळ्यांत जास्त मोजलं ते शशीने, जिचा या सगळ्याशी संबंध एवढाच होता की तिचं घर वाटेवर पडत होतं.