काजळाचं बोट

रुक्मिणीच्या डोळ्याला चौथी रांजणवाडी आली तवा मी कपाळाला हात लावला. आधी पापणीच्या काठाला खुपल्यागत व्हतं, मग ज्वारीच्या दाण्याएवढी पुळी येती, मग डोळाच मिटतो. रुक्मिणी माझी सून. मिलमधी रीळखात्यात सूत गुंडाळती. एका डोळ्यानं तुटलेला धागा दिसत न्हाय, म्हणून ती घरी. अन् तिची जागा जाऊ नये म्हणून बदली कोण? मीच, ही मथुरा. पंचवीस वर्सं त्याच खात्यात काढली, गुडघे गेले म्हणून दोन वर्सांमागं घरी बसले. बसले कसली! सुनेची पापणी सुजली की निघाली म्हातारी मिलला.

जीव नुसता विटलाय. सकाळच्या भोंग्याला उभं राहायचं ते सांजच्या भोंग्याला बसायचं. कापसाची कुसं नाकातोंडात जातात. धागा तुटला की बोट जिभेला लावायचं अन् दोन टोकं वळून जोडायची. आमच्यात समद्या बाया तसंच करतात. दिसभर तेच बोट तोंडात अन् तेच सुतावर.

शुक्रवारी आमच्या खात्यावरची नाईकीण, बाया कामाला घेणारी सुंदरम्मा, जवळ आली. तेलंगी बाई, मऊ बोलती, पण बोलली म्हंजे बोलली. म्हणाली, "मथुराबाई, तुमच्यानं आता हुत न्हाय. सोमवारी सून दोन्ही डोळे उघडून आली तर ठीक. न्हाय तर मी दुसरी बाई घेते."

"चार दिस आणखी थांब की," मी म्हटलं.

"तीन खेपा थांबले," ती म्हणाली अन् पुढं गेली. तिचं तरी काय चुकलं? दारात रोज बाया कामासाठी उभ्या असतात, मला काय दिसत न्हाय? रुक्मिणीची जागा एकदा गेली की परत मिळायची न्हाय, अन् माझे गुडघे आता पुरायचे न्हाईत.

घरी आले ती तोंड सोडूनच. "लवंग उगाळली, खारकेची बी उगाळली, हात झिजले माझे. तूच चोळत असशील, दुसरं काय!" ही पोरगी कधी उलट बोलत न्हाय, त्याचाच मला लई राग येतो. मग पदराला हात पुसला अन् रोजच्यागत काजळाची डबी काढली. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून मी स्वतः काजळ पाडते, आळीत नाव हाय माझ्या काजळाचं. तिनं तव्यावरची भाकरी उतरवली अन् तोंड वर करून पुढ्यात बसली. बऱ्या डोळ्यात घातलं, दुखऱ्यातबी घातलं, थंडावा मिळंल म्हणून.

शनिवारी खातं लवकर सुटलं. तिला घेऊन दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सबाईनं ओल्या कापसानं पापणी पुसली, तर कापूस काळा झाला.

"हे कोण घालतं?"

"मी."

"बोट धुऊन?"

मी बोटाकडं बघितलं. सुतानं चरे पडलेलं, नखात काळं. दिसभर तोंडात अन् सुतावर असतंय ते हेच बोट. पहिली रांजणवाडी आपसूक आली असंल. पुढच्या तिन्ही माझ्या बदलीच्या दिसांनंतर आल्या. मी जेवढी तिच्यासाठी उभी राहिले, तेवढा तिचा डोळा सुजवला.

नर्सबाई रागावली न्हाय. म्हणाली, "डबी टाकून द्या. फडकं उकळून घ्या, सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून दहा-दहा मिनिटं शेका, दिवसातून चारदा. पुळी फोडायची नाही. तिचं फडकं तिलाच. आणि आधी साबणानं हात."

घरी आल्याबरोबर डबी उकिरड्यावर टाकली. शनिवारची सांज अन् अख्खा रविवार शेकत बसले. फडकं आधी माझ्या मनगटाला लावून बघायचं, मग तिच्या डोळ्यावर. रविवारी दुपारी पुळी आपोआप फुटली. सोमवारी डोळा जरा लाल व्हता, पण उघडला. ती भोंग्याच्या आधी निघाली. मी दिसभर दाराकडं कान देऊन.

सांजच्याला आली. "घेतलं सुंदरम्मानं," एवढंच म्हणाली. हातपाय धुतले, अन् येऊन पुढ्यात बसली, तोंड वर करून.

"ऊठ की," मी म्हटलं. "डबी गेली उकिरड्यावर, तुला ठावं हाय."

"ठावं हाय." ती उठली न्हाय. म्हणाली, "मला दुसऱ्या खेपेलाच वाटलं व्हतं आत्या, काजळानं हुतंय म्हणून."

"मग बोलली का न्हाईस? जागा गेली असती की!"

ती भुईकडं बघायला लागली. "दिसभर तुमी वरडता. काजळ घालताना तेवढं हनुवटीला धरता."

मी उठले, मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, दोनदा धुतले. मग येऊन तिच्या हनुवटीला धरलं.

"बघू डोळा," मी म्हटलं.

डोळ्यात आता बघण्यासारखं काय न्हवतं. तरी मी धरून बसले.