आज सही करू नका

"समजा, मी ग्राहक आहे," मधल्या खुर्चीतले मोठे साहेब म्हणाले. "नुकताच रिटायर झालोय, हातात रक्कम आलीय. मला आपली नवी योजना घ्यायला लावा. पाच मिनिटं देतो."

बाईंनी चष्मा नीट केला. बँकेत बावीस वर्षं कॅशच्या खिडकीत काढून त्या आज सल्लागाराच्या जागेसाठी मुलाखत देत होत्या. पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पूर्ण. मग अर्जच करता येणार नव्हता. पण घाबरणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांच्याशी भांडायला आलेली माणसं हसत परत जात, तिथे मुलाखत घेणाऱ्या या तिघांची काय मातब्बरी! सकाळी लेकीने बजावलं होतं, "आई, तिथे सगळ्यांना सल्ले देत बसू नकोस हं." "अगं, नोकरीच सल्ल्याची आहे," म्हणत बाई निघाल्या होत्या.

"बसा ना," बाई म्हणाल्या. साहेब बसलेलेच होते. शेजारच्या तरुण मॅडमना हसू आवरेना.

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि बायको."

"पैसे पंधरा वर्षं अडकणार. वहिनी काय म्हणतात?"

"तिला काय कळतंय त्यातलं? सगळं मीच बघतो. मध्ये मी तापाने पडलो होतो, तर बिचारी विजेचं बिल हातात घेऊन घरभर फिरत होती. भरायचं कुठे, हेच ठाऊक नाही."

बोलता बोलता साहेब ग्राहकाचं सोंग विसरले होते. महिनाअखेरीला ते खरोखरच रिटायर होणार होते, हे सगळ्या बँकेला माहीत होतं. मॅडमनी नजर फायलीत घातली.

बाईंनी योजनेचा फॉर्म उलटा करून ठेवला. "मग आज सही करू नका. वहिनींना घेऊन या. त्यांना समजलं तर घ्या, नाहीतर राहू दे."

"आणि टार्गेट?" तिसरे, विक्रीचे साहेब फटकन म्हणाले. "गिऱ्हाईक एकदा दाराबाहेर गेलं की गेलं!"

"गेलं तर गेलं, साहेब. पण परत आलं, तर मलाच शोधत येईल."

विक्रीच्या साहेबांनी कागदावर काहीतरी लिहून खाली दोनदा रेघ ओढली. बाई काय समजायचं ते समजल्या. वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. पण बोललेला एक शब्दही मागे घ्यावासा वाटला नाही.

चौथ्या दिवशी यादी लागली. बाईंचं नाव नव्हतं. लेक फोनवर चिडली, "तरी मी सांगत होते!"

"तुझं बरोबरच होतं गं," बाई म्हणाल्या. "मलाच जमत नाही तसं." फोन ठेवून त्यांनी कॅशची खिडकी उघडली.

महिना संपला. नव्या महिन्याच्या दुसऱ्याच दिवशी मोठे साहेब त्यांच्या खिडकीसमोरच्या रांगेत दिसले. साधा शर्ट, सोबत बायको, पुढे पाच माणसं. मॅनेजर धावत आले. "सर, तुम्ही रांगेत कशाला? आत या, नवे सल्लागार आहेत."

"नको, आमचं काम इथे आहे," साहेब म्हणाले.

नंबर आला. साहेब तोंड उघडणार, तोच बायकोने त्यांच्या हातातली फाइल काढून घेतली आणि खिडकीतून आत सरकवली.

"मला अगदी पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "हे नसतील तेव्हा माझं मला करता आलं पाहिजे."

साहेब एक पाऊल मागे सरकले आणि तिला पुढे जागा करून दिली.