आम्ही दगडखाऊ

मित्रांनो, या विश्वात अखंड व्रत पाळणारे फार थोडे. सूर्य उगवायचं चुकवत नाही, समुद्र भरती चुकवत नाही आणि आमच्या घरी वर्षाच्या बाराही महिन्यांत अमेरिकेतल्या रेनियर पर्वतावरच्या बर्फावरून उतरायचं कोणी चुकवत नाही. फरक इतकाच, की सूर्याच्या आणि समुद्राच्या तळाला माझ्यासारखी ठिगळं नाहीत.

मी एक जुनी स्कीची जोडी आहे. पायांखाली बांधायच्या दोन लांब फळ्या, पुढचं टोक वर वळलेलं, दोन्ही बाजूंना पोलादी कडा, खालून गुळगुळीत. म्हणजे पूर्वी गुळगुळीत.

माझ्या पोटात चांगलं चिवट लाकूड आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा मी लालभडक होते आणि अंगावर सोनेरी वीज काढलेली होती. ॲशफर्ड गावच्या ऑरिनने मला दुकानाच्या काचेत पाहिलं आणि त्याच दिवशी घरी आणलं. ऑरिन लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा. तीच धार त्याने माझ्या कडांना लावली. त्याची बायको अर्लिन माझ्यावरची धूळ पुसायला गेली आणि तिचं बोट कापलं. आमची ओळख अशी झाली.

त्या काळी वर नेणाऱ्या पाळण्याच्या रांगेत उभे असलेले लोक वळून म्हणत, "काय देखणी जोडी आहे!" ऑरिन समजायचा, त्याला आणि सोडायला आलेल्या अर्लिनला म्हणतायत. मी कधी खुलासा केला नाही.

मग एका हिवाळ्यात घरात नवी जोडी आली. आकाशी रंगाची, रुंद, नाजूक. मी मनातून हादरले. आमच्याकडे म्हाताऱ्या स्कींचं कुंपण करतात, नाहीतर अंगणातली खुर्ची. कुंपणाचं एक वेळ चालेल, निदान उभं तरी राहता येतं. पण ज्या माणसाला आयुष्यभर पाठीवर वाहिलं, त्याने शेवटी आपल्यावर बसून बिअर प्यावी, हे काही बरं नाही.

तसं झालं नाही. ऑरिनने माझ्याकडे पाहून म्हटलं, "ही राहू दे. दगडांवर चालेल."

मित्रांनो, हा आमच्या जमातीतला एक हुद्दा आहे. स्वच्छ बर्फ पडला की नवी जोडी बाहेर पडते. बर्फ विरळ होऊन खालचे दगड डोकावू लागले की आम्हाला हाक येते. नव्या सुनेला पाटावर बसवायचं आणि जुनीला पाटा-वरवंट्याशी, तसंच.

आणि दगडांची वेळ दर वर्षी येई, कारण ऑरिनचं व्रत होतं. महिन्यातून एकदा तरी बर्फावर वळणं घ्यायची, एकही महिना कोरडा जाऊ द्यायचा नाही. तपासायला कोणी येत नाही. बक्षीस नाही. अठरा वर्षं त्याने हे निभावलं होतं. अर्लिन म्हणायची, "चर्चमध्ये जातोस वर्षातून एकदा, नाताळला. त्या डोंगराला मात्र महिन्याची हजेरी! डोंगर काय पेन्शन देतो तुला?"

यात सप्टेंबर सर्वांत कठीण. जुना बर्फ संपत आलेला, नवा पडलेला नाही. उरतो तो चादरीएवढा करडा तुकडा. त्यात खडे, माती आणि झाडांच्या सुया. शहाणा माणूस ज्यावर रुमाल टाकूनही बसणार नाही, त्यावरून चार वळणं घ्यायला हे लोक घामाघूम होऊन डोंगर चढतात.

त्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच ऑरिनचा गुडघा दुखावला. बर्फावर नव्हे, प्लम काढताना शिडीवरून पडून. अठरा वर्षं कडे उतरलेला माणूस परसातल्या झाडाने लोळवला. डॉक्टरांनी पट्टा बांधून त्याला घरी बसवलं आणि पट्टा महिन्याच्या अगदी अखेरीस काढला. चालायची परवानगी दिली. बाकीचं ऑरिनने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं मला घेऊन निघाले. गाडी जिथे उभी करायची त्या जागेचं नाव पॅरडाइज, म्हणजे स्वर्ग. स्वर्गात मुसळधार पाऊस चालला होता.

"चल, उतर," अर्लिन म्हणाली. "पाऊस तर पाऊस."

"तू म्हणतेस हे? तू?"

"तीन आठवडे तू माझ्यामागे उभा राहून मला सूप कसं करायचं ते शिकवतोयस, ऑरिन. आणि रात्रंदिवस खिडकीतून त्या डोंगराकडे बघतोस. बांधून घातलेल्या कुत्र्यासारखा. मला ते बघवत नाही. चल."

"घसरेन गं यात. उद्याचा दिवस आहे अजून."

"नक्की?"

ऑरिनने मूठ वळली आणि बोटांच्या उंचवट्यांवर महिने मोजले. करंगळीपाशी जुलै आला. तिथून तो मागे फिरला. "जुलै उंचवटा, ऑगस्ट खळगा, सप्टेंबर उंचवटा. उंचवटा म्हणजे एकतीस."

"अठरा वर्षं महिने मोजणाऱ्याशी मी काय वाद घालणार!" अर्लिन म्हणाली आणि तिने सँडविचचा डबा उघडला.

मी फळी आहे. मला बोटं नाहीत. पडताळणार कशावर?

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. गुडघ्यावर भार नको म्हणून मला अर्लिनने खांद्यावर घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा. वाटभर ती मला आणि डोंगराला आळीपाळीने शिव्या देत होती, पण थांबली नाही. वर तो करडा तुकडा होता. ऑरिनने मला पायांना बांधलं. पाच वळणं घेतली, दोन बर्फावर आणि तीन दगडांवर. तळाला पोहोचून त्याने दोन्ही हात वर केले. अर्लिनने टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात वरून मॅव्हिस उतरत आली. ती गावात टपाल वाटते आणि याच व्रतातली आहे.

"वा, ऑरिन! ऑक्टोबर पहिल्याच दिवशी उरकलास!"

"सप्टेंबर," ऑरिन म्हणाला.

"सप्टेंबर काल संपला की! काल मी भिजत उरकला, रात्री गाडीतच झोपले, आज ऑक्टोबर. एका खेपेत दोन महिने."

ऑरिनने आपल्या मुठीकडे पाहिलं. करंगळीचा उंचवटा ऑगस्टसाठी पुन्हा मोजायचा राहिला होता.

मॅव्हिसच्या लक्षात आलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "हे बघ, काल तुमची गाडी खाली मी पाहिलीय. झाला म्हण सप्टेंबर. मी कोणाला सांगायला जातेय?"

"काल आम्ही सँडविच खात होतो," ऑरिन म्हणाला आणि बर्फावर बसला.

अठरा वर्षं, मित्रांनो. वादळात, तापात, मुलीच्या लग्नाच्या आठवड्यातही न मोडलेलं. अर्लिनला टोमणा मारायला यापेक्षा चांगली संधी मिळाली नसती. पण ती त्याच्याशेजारी बसली. मग म्हणाली, "बूट काढ."

"का?"

"मला होतात का बघते."

अर्लिनचे पाय मोठे आहेत, ही गोष्ट ऑरिनने आजवर फक्त चेष्टेसाठी वापरली होती. बूट झाले. ती मला घेऊन तुकड्याच्या माथ्यावर गेली, किंचाळली, घसरली, थोडी वळली आणि बुडावर बसली.

"हे धरतात का?"

"अर्धं," मॅव्हिस म्हणाली.

"उरलेलं अर्धं कर," मोज्यांवर उभा असलेला ऑरिन ओरडला. "वजन खालच्या पायावर! खालच्या गं, खालच्या!"

तिने केलं. खाली येऊन धापा टाकत म्हणाली, "झाला माझा ऑक्टोबर. तुझाही झालाय. किती महिने झाले तुझे?"

ऑरिनने मूठ उघडली, मिटली. "एक."

"माझाही एक. आता उगाच पुढे जाऊ नकोस."

तेव्हापासून मला दोघांचे पाय सांभाळावे लागतात. अर्लिन अजून एकाच बाजूला नीट वळते. त्या बाजूला नेमका दगड असतो.

मित्रांनो, जुनं झालं म्हणून कोणाला कुंपणात रोवू नका. तळाला मेण लावा, कडा कोरड्या पुसा, ठिगळाला ठिगळ लावा. आम्ही दगड खाऊ, माती खाऊ, पण बर्फाच्या अखेरच्या खपलीपर्यंत तुम्हाला उतारावरून खाली आणून सोडू. आमचं फार मोठं मागणं नाही.

फक्त अर्लिनने माझ्या टोकांवर वाळत टाकलेले लोकरीचे मोजे कोणीतरी काढा. दोन दिवस झाले, अजून ओलेच आहेत.